दोन दिनारांची उतारशाळा

‘अतिथी’ या शब्दाची फोड आपण शाळेत शिकलो : ज्याच्या येण्याला तिथी नाही, तो अतिथी. त्या अर्थाने पाहिले, तर दोन महिने आधी खोली राखून आणि निम्मे पैसे आगाऊ भरून येणारा माणूस अतिथी ठरत नाही. तो गिऱ्हाईक होतो. मग त्याच्या वाट्याला आतिथ्य न येता केवळ पावती यावी, हे न्याय्य मानावे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो गोव्यात. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुने गोवे येथील से कॅथेड्रलमध्ये खुले होते. धर्मग्रामातील सात कुटुंबांसह आम्ही डिसेंबरात गेलो व किनाऱ्याजवळच्या एका स्वस्त अतिथीगृहात (पाटीवर शब्द तोच होता!) उतरलो. छायाचित्रातल्या सज्जातून समुद्र दिसत होता; प्रत्यक्षातला सज्जा शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे उघडत होता. गाद्यांना ओलीचा कुबट वास, मच्छरदाणीला भोके, नळाला करंगळीएवढी धार. वृद्ध मंडळींनी ती रात्र व्हरांड्यातील खुर्च्यांवर काढली.

सगळ्या खोल्यांना मिळून नोकर एकच. ओडिशाहून आलेला एक कोवळा तरुण. खोल्या तोच झाडी, चहा तोच आणी आणि उतारूंची बोलणीही तोच खाई. रात्री जिन्याखाली चटई टाकून झोपे. सकाळी आम्ही मालकाला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “पोरगा आळशी आहे. त्याच्या पगारातून कापतो आणि तुम्हांला परत देतो.”

येथे प्रश्न अवघड झाला. तक्रार रेटावी तर भुर्दंड त्या मुलाला. गप्प बसावे तर पुढचा यात्रेकरू त्याच खोलीत. “यात्रेला आलोय फादर, थोडे सोसायचेच,” असे आमच्यातील काही जण म्हणाले. ही भावना स्तुत्य आहे. परंतु स्वतः सोसणे वेगळे आणि दुसऱ्याची फसवणूक चालू देणे वेगळे.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. मालात झाकलेला दोष असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, असे ते मानतात. ती टाकी छायाचित्राने झाकलेली होती. मालकाची बाजू येथेच पडते. मात्र संत थॉमस घेणाऱ्यालाही मोकळे सोडत नाहीत. वस्तू तिच्या मोलाहून कमी किमतीत घेणे हेही त्यांच्या मते अन्यायातच मोडते. डिसेंबरात किनाऱ्यावरची भाडी चढतात हे सर्वश्रुत आहे. तरीही येथे इतके स्वस्त कसे, याचे उत्तर त्या जिन्याखाली होते. गरजेपोटी कामगाराने तुटपुंजा मोबदला कबूल केला म्हणून तो न्याय्य ठरत नाही, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्येच सांगून ठेवले आहे.

चांगल्या शोमरोन्यावर आम्ही धर्मगुरू पुष्कळ प्रवचने करतो. उतारशाळेच्या मालकाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. शोमरोन्याने त्याच्या हातावर दोन दिनार ठेवले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली. घासाघीस नाही, उलट अधिक खर्च झाल्यास परतताना देण्याचा शब्द. आणि ज्याच्याकडे तो जखमी, परका माणूस सोपवला, तो पैसे घेऊन बिऱ्हाड देणारा व्यावसायिक होता. पैसे घेतले की आतिथ्य बाटते, असे निदान या दाखल्यावरून म्हणता येत नाही. गिऱ्हाईकही शुश्रूषेला पात्र असते, आणि शुश्रूषा करणाऱ्याचे दिनारही चुकते व्हावे लागतात.

परताव्याची रक्कम आम्ही नाकारली. ती मालकाच्या खिशातून येणार नव्हती. नोकराचा पगार कापू नये आणि छायाचित्र बदलावे, असे दोन्ही मुद्दे मालकाला लेखी कळवले. पगाराविषयी उत्तर आले नाही. छायाचित्र अजून तेच आहे. दुसरे पत्र पाठवले आहे.