आत ये म्हणण्याआधी

पाय मोकळे सोडून बसा. मांडी घालायलाच हवी असं नाही. आठ तास लाईनवर उभं राहून आला असाल तर भिंतीला पाठ टेका, टाचा फरशीला लागू द्या. पंखा चालू राहू दे. खाली तळेगाव-चाकण रस्त्यावरून कंटेनर जात असतील. त्यांचा आवाज थांबायची वाट बघू नका, तो थांबत नाही. फोन तेवढा पालथा ठेवा.

श्रवण, मनन, निदिध्यासन अशी आपल्याकडची जुनी वाट. आळंदी इथून जवळच, त्यामुळे श्रवणाची आपल्याला सवय आहे. मालिकाही आपण पुष्कळ ऐकल्या, पाहिल्या, दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्यांची चर्चाही केली. मनन तेवढं राहून गेलं. आज ते करू. निमित्त देवाचं नाही, देवमाणसाचं.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता तो चेहरा आठवा. ३१ ऑगस्ट २०२० ला झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली. टाळेबंदीनंतर कारखाने नुकतेच पुन्हा हलू लागले होते. रात्री साडेदहाची वेळ. किरण गायकवाड या नटाने उभा केलेला डॉक्टर अजितकुमार देव साताऱ्याकडच्या एका गावात दवाखाना चालवतो. डॉक्टर तो नसतोच. पण बोलणं मऊ, नजर खाली, म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा. बायकांना प्रेमात ओढायचं, त्यांचा पैसा-दागिना काढून घ्यायचा आणि मग त्यांना संपवायचं, हा त्याचा खरा धंदा. कथेला आधार होता तो सातारा जिल्ह्यातच २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या प्रकरणाचा. त्या ऑगस्टमध्ये वाईजवळच्या धोमला जमिनीतून मृतदेह निघाले होते आणि सगळा महाराष्ट्र सुन्न झाला होता.

तो सुन्नपणा विसरू नका. पण आज तिथे थांबायचं नाही. आज एवढंच आठवा, की तो पडद्यावर आला की आपण काय करत होतो. हातातला घास हातातच राहायचा. 'मेला आला बघ' असं म्हणत आपण थोडे पुढे सरकायचो. खलनायक होता, तरी सरकायचो. ते पुढे सरकणं पुन्हा एकदा अंगात आणून बघा. मान किती पुढे येते? श्वास कुठे अडकतो?

इथे थोडं थांबा.

असाच पुढे सरकायला लावणारा खलनायक परदेशी गोष्टींतही आहे, रक्त पिणारा उमराव. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅकुला' ही कादंबरी १८९७ ची. आपल्याकडे हडळ, जखीण, वेताळ, मुंजा अशी मंडळी आहेत, पण रात्री येऊन, गोड बोलून, मानेवर ओठ टेकवणारा तो उमराव आपल्या अंगणातला नाही. भुरळ घालायचं काम आपल्या गोष्टींनी बहुतेक वेळा बाईवर ढकललं. हडळीचे पाय उलटे असतात म्हणे, म्हणजे निदान ओळखायला खूण तरी होती. 'देवमाणूस'ने भुरळ पुरुषाच्या हाती दिली, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला आणि पाय सरळ ठेवले. ओळखायचं कसं?

स्टोकरच्या त्या उमरावाचा एक नियम मात्र आज उपयोगी पडेल. घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा 'ये' म्हटल्याशिवाय तो आत येऊ शकत नाही. एकदा बोलावलं की मग त्याला मोकळं रान. म्हणजे त्याची सगळी ताकद त्याच्या दातांत नाही. ती आपल्या 'ये' या शब्दात आहे.

तुमच्या खोलीचं दार डोळ्यांपुढे आणा. कडी, कोयंडा, खाली सरकवलेलं वीजबिल. त्या दाराकडे बघत राहा.

आता एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. ती कुणीही असेल. लातूरकडची, यवतमाळकडची, आयटीआय झालेली, महाळुंग्याला वायरिंग हार्नेसच्या लाईनवर लागलेली. दिवसभर रंगीत तारा क्लिपांत बसवायच्या, टेप गुंडाळायची, तुकडा पुढे सरकवायचा. सुपरवायझर तिला नावाने हाक मारत नाही, स्टेशनच्या नंबरने मारतो. सेकंड शिफ्ट सुटली की बस तिला खराबवाडीच्या कोपऱ्यावर सोडते. खोलीत चौघी, त्यातल्या दोघी झोपलेल्या, एक थर्ड शिफ्टला गेलेली. मेसचा डबा गार. आईला फोन करावा तर ती कधीच झोपलेली.

अशा वेळी फोनवर एक ओळ येते. 'जेवलीस का?'

ही ओळ नीट बघा. घाई करू नका. यात वाईट काहीच नाही. हीच ओळ प्रेम करणारा माणूस पाठवतो आणि हीच ओळ दुसराही पाठवतो. दिवसभरात तिला हे विचारणारं कुणी नव्हतं. तिच्या छातीत जे हललं ते खरं आहे. त्याला भोळेपणा म्हणू नका, मूर्खपणा म्हणू नका. कुणी आपल्याला नावाने विचारावं, ही भूक आहे. भूक लागणं हा गुन्हा नव्हे.

स्वतःची तशी एक रात्र आठवा. तुम्हाला कुणी 'जेवलास का', 'जेवलीस का' विचारलं आणि पोटात ऊब आली. ती ऊब आत्ता येऊ द्या. तिला नावं ठेवू नका.

आता 'भूल' हा शब्द जवळ घ्या. आपल्या भाषेने या एका शब्दात बरंच ठेवलं आहे. भूल म्हणजे चूक. भूल म्हणजे मोहिनी. आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टर देतात तीही भूल. भूल दिली की जखम होते पण दुखत नाही. मालिकेतला तो माणूस डॉक्टरच्या वेषात होता हे मला म्हणूनच पटत आलं. भूल देणं हेच त्याचं काम होतं.

पावसात भीमाशंकरच्या रानात गेला असाल तर जळू माहीत असेल. ती लागल्याचं कळत नाही. पायमोजा ओला वाटतो, आपण म्हणतो पाणी असेल. ती पोटभर पिऊन आपणच गळून पडते, तरी रक्त वाहतच राहतं. तिच्या लाळेत हिरुडिन नावाचं द्रव्य असतं, ते रक्त गोठू देत नाही. खोलीवर येऊन मोजा काढल्यावर कळतं, पाणी नव्हतं ते.

माणसांतली जळू तशीच. ती गेली तरी वाहणं थांबत नाही. पैसे गेलेले असतात, पण त्याहून वाईट म्हणजे स्वतःवरचा भरवसा गेलेला असतो. 'मला कसं कळलं नाही?' हा प्रश्न कितीतरी वर्षं ठिबकत राहतो. तुमच्या मनात तो प्रश्न असेल तर आत्ता त्यावर हात ठेवा. जखमेवर ठेवतो तसा, थोडा दाबून. कळलं नाही, कारण भूल दिली होती. एवढंच उत्तर पुरे.

पुन्हा एक श्वास.

मालिकेतली डिंपल आठवते? तिच्यावर जीव टाकणारा बज्या गावातच होता. पण डॉक्टरने तिला वेगळं काही दिलं. आपल्यालाच सगळं माहीत आहे, आपण इतर बायांसारख्या नाही, ही भावना. त्याचं खरं रूप कळल्यावरही ती त्याच्या बाजूने उभी राहिली. प्रत्येकीला त्याने एकेक गुपित दिलं आणि प्रत्येकीला वाटलं की हे फक्त माझं आहे. गुपितांच्या भिंतींनी बायका एकमेकींपासून वेगळ्या पडल्या. चौघी एका चुलीजवळ बसून बोलल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात मालिका संपली असती.

आणि ते नाव बघा. देवमाणूस. हा शब्द त्याने स्वतःला लावला नव्हता, गावाने लावला होता. चांगल्या माणसासाठी आपल्याजवळ यापेक्षा मोठा शब्द नाही. पण एकदा लावला की त्या माणसाला प्रश्न विचारणं पाप होतं. 'डिग्री कुठली?' असं देवमाणसाला कोण विचारणार? मालिकेतल्या सरू आजीजवळ प्रत्येक प्रसंगाला एक म्हण तयार असायची, पण गावाने त्या म्हणींवर हसून घेतलं. तुम्ही कुणाला हे नाव देऊन ठेवलं आहे का? त्याला खाली ओढायचं नाही. फक्त देव काढून बघा. उरलेला माणूस प्रश्न विचारू देतो का?

इथे मन एक आडवा प्रश्न टाकील, टाकू द्या. प्रेम लपवावंच लागतं की! जात वेगळी असेल, घरचे जिवावर उठतील. २०१६ मध्येच 'सैराट' आला आणि थिएटरातून बाहेर पडताना किती जणांना बोलता येत नव्हतं. मग सगळी गुपितं विषारी कशी?

नसतातच. फरक हळूहळू दिसतो. दोघं मिळून जगापासून लपतात, तो आडोसा असतो. त्यात दोघंही सारखेच भिजतात. एक जण दुसऱ्याला लपवून ठेवतो आणि स्वतः मात्र उजेडात हिंडतो, तिथे गोष्ट वेगळी. म्हणून गुपित आहे का, हे विचारू नका. ते कुणाच्या सोयीचं आहे, हे विचारा. आणि त्या नात्यात आल्यापासून तुमची माणसं वाढली की एकेक करून गळाली, तेही मोजा. रूममेटशी बोलणं सुटलं का? भावाचा फोन उचलायचा टाळता का? पगार झाला की पहिला मेसेज कुणाचा येतो?

बोटांवर मोजा. उत्तर आजच यायला हवं असं नाही.

गोड शब्दाला 'नको' म्हणणाऱ्याची एक गोष्ट इथलीच आहे. चाकणमध्ये संग्रामदुर्ग आहे. जुना भुईकोट, आता पडका. १६६० मध्ये मोगलांच्या शाइस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी तो जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी बुरुजाखाली सुरुंग लावून मोगलांनी तट उडवला, तेव्हा कोट पडला. नंतर खानाने फिरंगोजींना चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली. तोफेपुढे दोन महिने टिकणं अवघड खरं. पण दमून, हरून, घाव अंगावर असताना समोरून गोड शब्द येतो आणि तरी 'नको' म्हणता येतं, हे मला त्याहून अवघड वाटतं. वेढ्यात शत्रू शत्रूच्या वेषात असतो. नंतर तो कदर करणारा होऊन येतो.

आणि फसवणूक झालीच, तर कायदाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आहे. लग्नाचं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा त्याखाली गुन्हा आहे. गरज पडली तर त्याचा आधार जरूर घ्या. पण कायदा वाहून गेलेल्या रक्ताचा हिशेब मागतो. उंबरठ्यावर तर आपणच उभे असतो.

तेव्हा परत त्या दारापाशी या. बाहेर कुणीतरी उभं आहे. आवाज गोड आहे. आत भूक आहे. दोन्ही खरं आहे. दार कायमचं बंद करू नका. सगळ्यांना बाहेर ठेवणाऱ्या खोलीत माणूस एकटाच कुजतो. फक्त दिवा लावा, बाहेरच्याला म्हणा, 'थांब, मैत्रिणीला उठवते', आणि बघा. प्रेमाने आलेला उभा राहील, फार तर वैतागेल. दुसरा म्हणेल, 'तिला कशाला? आपल्यात तिचं काय?'

तेवढंच ऐका. फक्त तेवढंच.

आता हातपाय हलवा. फोन सरळ करा. कुणाचा मेसेज आला असेल तर लगेच उत्तर देऊ नका. आधी शेजारच्या कॉटवर बघा. कुणी जागं असेल तर विचारा.

जेवलीस का?