वाणीचं तप



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 15

या श्लोकात भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलण्याने ऐकणाऱ्याचं मन दुखू नये. ते खरं असावं, गोड असावं आणि हिताचं असावं. एकादशी करणं त्या मानाने सोपं. हे तप कठीण, अन् निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका.

माझंच सांगते. 2024 ची भाऊबीज. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला, त्यामुळे घरोघरी तोच विषय. धाकटा भाऊ आमच्याकडे नेवाशाला आला होता. ओवाळून झालं आणि बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, पंधराशे रुपयांत तुम्ही बाया मत विकायला निघालात." मी तरी कुठं कमी? म्हटलं, "तुला कांद्याच्या भावापलीकडं दिसतंय काय?" ताट वाढलेलं होतं. तो तसाच उठून गेला. आषाढीपर्यंत एक फोन नाही.

मी खरं तेच बोलले, असं मला वाटत होतं. पण त्यात त्याचं हित कुठं होतं? मला त्याला फक्त गप्प करायचं होतं.

आषाढी एकादशीला इथल्या मंदिरात पैस खांबापाशी बसले. याच खांबाला टेकून माउलींनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, अशी आपली श्रद्धा. मनात आलं, गीता म्हणजे मुळात संवादच. अर्जुन पुन्हा पुन्हा शंका काढतो, देव ऐकून घेतात. आणि सगळं सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायाच्या 63 व्या श्लोकात म्हणतात, यावर पुरता विचार कर, मग तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष भगवंत निर्णय अर्जुनावर सोडतात, अन् मला भावाचं एक मत त्याच्यावर सोडवेना!

संध्याकाळी फोन लावला. "माझं चुकलं रे. तुला तसं का वाटतं ते सांग, मी मधे बोलणार नाही."

तो बोलत गेला. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा त्याचा लाल कांदा काढणीला आला होता. भाव पडला, सोसायटीचं कर्ज थकलं. घरात त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. मग मीही सांगितलं, की ते पंधराशे माझ्या स्वतःच्या खात्यात आलेले पहिले पैसे. बीपीच्या गोळ्यांसाठी कुणापुढं हात पसरावा लागला नाही. तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "ताई, हे तू कधी बोललीच नाहीस."

मतं आमची आजही वेगळीच आहेत. पण यंदाच्या भाऊबीजेला तो पोटभर जेवून गेला.

आजचा नेम : ज्याचं मत पटत नाही अशा एका माणसाला "तुला असं का वाटतं?" एवढंच विचारा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा.

पांडुरंगा, खरं बोलायचं बळ दे, आणि ऐकून घ्यायचा धीरही दे.

राम कृष्ण हरी.