उसना उजेड

परवा भाचा आला. हिशेबाचे एक ॲप त्याने दोन वर्षे खपून तयार केले आहे. ते आता 'प्रॉडक्ट हंट'वर मांडायचे. हा २०१३ साली रायन हूवर यांनी अमेरिकेत सुरू केलेला नव्या वस्तूंचा बाजार. तिकडच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या भर दुपारी, रोज नवा डाव सुरू होतो आणि लोकांच्या मतांवर वस्तू वर चढतात. आपली वस्तू आपणही मांडावी. पण एखाद्या नामांकिताने मांडली, की त्याचे चाहते आधी वळतात.

"मामा, असा एकजण तयार आहे. पण त्याने ॲप उघडूनही पाहिलेले नाही. घेऊ त्याचे नाव?"

मी उपदेशासाठी तोंड उघडले आणि मिटले. माझ्या पहिल्या पुस्तकाला एका थोर गृहस्थांची प्रस्तावना आहे. पुस्तक त्यांनी वाचले नव्हते, आणि मला ते ठाऊक होते! यात फसवले कोणाला? वाचकाला म्हणावे, तर त्याला पुस्तक आवडले. पण दुकानात दर्शनी फळी एकच असते. त्याच वर्षी माझ्या मित्राचा, माझ्याहून सरस, कथासंग्रह प्रस्तावनेवाचून निघाला आणि मागच्या फळीवरच राहिला.

हे सारे मी भाच्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या मित्राला तुम्ही कधी सांगितलेत?"