एक ऑगस्टच्या दोन तसबिरी

आज १ ऑगस्ट. शाळाशाळांतून आज टेबलावर दोन तसबिरी शेजारी मांडल्या जातील. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. वक्ते दोघांना सारखा वेळ वाटून देतील आणि मुलं खाऊची वाट पाहतील.

नुसती तारीख नव्हे, सालसुद्धा एकच, १९२०. मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईत सरदारगृहात टिळकांनी देह ठेवला. भर पावसात लाखोंचा जनसागर गिरगाव चौपाटीकडे निघाला. गांधीजींनी पार्थिवाला खांदा दिला. असहकाराची चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. आणि तिकडे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मातंग वस्तीत, तुकाराम भाऊराव साठे जन्माला आले. तेच आपले अण्णा भाऊ.

हा निव्वळ योगायोग. एक ज्योत मालवली नि दुसरी पेटली, असं भाषणात हमखास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. टिळक गणित-संस्कृतात मुरलेले, वेदांचा काळ शोधणारे. अण्णा भाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची. दोघांच्या वाटा एक होत्या असं भासवणं म्हणजे दोघांवरही अन्याय.

पण तारखेपलीकडचा एक खरा धागा आहे, आणि तो गिरणगावातून जातो. जुलै १९०८मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस, असा रोकडा हिशेब. गोळीबार झाला, माणसं मेली, तरी गिरण्या बंदच राहिल्या. कोकण-घाटावरून पोटासाठी आलेली ही माणसं. टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्यातल्या किती जणांना वाचता येत असेल?

पुढे अण्णा भाऊ वडिलांबरोबर पायी मुंबईला आले, ते याच कामगारांच्या जगात. गिरणीत राबले, लाल बावट्याखाली शाहीर झाले, ‘फकिरा’ कादंबरी लिहून ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

१९०८च्या त्या संपाची दखल तेव्हाच लेनिननं आपल्या लेखात घेतली होती. त्याच्या देशातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर मराठीत पोवाडा रचला तो अण्णा भाऊंनी. १९६१ साली ते तो देश पाहूनही आले, आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं.