चाकातला ‘च’

चेन्नईहून बेंगळुरूच्या महामार्गाने निघाले की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. गाव छोटे, पण चाकाशी त्याचे नाते मोठे. शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर होणाऱ्या मोटारशर्यतींसाठी मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इथे स्वतंत्र ट्रॅक बांधला, तो १९९० च्या सुमारास. पुढे १९९८ मध्ये इथल्याच ह्युंदाईच्या कारखान्यातून सँट्रो बाहेर पडू लागली. या परिसरात कोणी चाकाला ‘सक्करम’ म्हणाले की मराठी कान टवकारतो. हे तर आपले चक्र! पण हा तमिळला वारशाने आलेला शब्द नाही, संस्कृत-प्राकृताच्या सहवासातून आलेला आहे. घरंगळण्याच्या ‘उरुळ’ या क्रियेवरून चाकासाठी तमिळने स्वतःचाही शब्द घडवला आहे. याच गावाच्या नावातला ‘कोट्टै’ म्हणजे आपला कोट, अक्कलकोटातला. तो मात्र बहुधा द्राविडी भाषांकडून संस्कृतात आणि तिथून आपल्याकडे आला. एक शब्द इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. भाषांमध्ये नाते दोन प्रकारचे असते, रक्ताचे आणि शेजारचे. हा फरक ओळखायला विद्वानांनाही बराच काळ लागला, आणि त्यातला एक मोठा टप्पा याच मद्रास मुलखात पार पडला.

विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलाही नसेल. तीस वर्षांनी, १८१६ मध्ये, फ्रान्झ बॉप यांनी जर्मनीत या भाषांच्या क्रियापदांची तुलना करणारे पुस्तक काढले. त्याच १८१६ साली मद्रासचे कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी एका तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात दाखवून दिले की तमिळ, तेलुगू, कन्नड यांचे मूळ संस्कृतात नाही. त्यांचे कूळ वेगळे आहे. एकीकडे एका कुळाची जुळणी चालली होती, दुसरीकडे त्याची सीमा आखली जात होती. बॉप यांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. एलिस यांचे काम मला तितकेच मोलाचे वाटते, कारण सीमा आखल्याशिवाय कूळ ठरत नाही.

तरीही उगम हरवला आहे हे जोन्स यांचे म्हणणे पचनी पडायला वेळ लागला. पुढची कितीतरी वर्षे युरोपातल्या पंडितांनाही मनातून वाटत असे की ती मूळ भाषा जवळजवळ संस्कृतासारखीच असणार. ऑगस्ट श्लायखर यांनी १८६८ मध्ये त्या मूळ भाषेत मेंढी आणि घोडे यांची एक छोटी गोष्ट रचली, ती अकारांनी भरलेली आहे. संस्कृतात ‘अ’ आहे तिथे ग्रीक-लॅटिनमध्ये कधी ए, कधी ओ, कधी अ. तेव्हा मूळ एकच ‘अ’ आणि पुढे त्याची फाटाफूट, असा हिशेब होता. संस्कृत शुद्ध, बाकीच्या घसरलेल्या.

हा हिशेब ज्याने मोडला तो पुरावा संस्कृताच्याच पोटात होता. संस्कृत ‘च’ म्हणजे ‘आणि’. लॅटिनमध्ये तो ‘क्वे’, ग्रीकमध्ये ‘ते’. पाचाला संस्कृतात ‘पञ्च’, लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’, ग्रीकमध्ये ‘पेंते’. जिथे संस्कृतात च, तिथे पुढचा स्वर इतरत्र ए आहे. आणि जिथे तो ए नाही, तिथे संस्कृतातही च होत नाही, क राहतो: पाचांचा समूह तो ‘पङ्क्ति’, कारण तिथे क-च्या पुढे स्वर नाही, त त्याला चिकटलेला आहे. आपल्या घरात आजही हे दोन्ही शब्द नांदतात. पाच आणि पंगत. एकाच धातूचे असूनही एकात च, दुसऱ्यात मुळातल्या क-चा ग.

अर्थ उघड होता. संस्कृतातही पूर्वी ए होता. त्या ए-ने शेजारच्या क-ला तालूकडे ओढून च केले आणि मग स्वतः अ होऊन गेला. १८७० च्या दशकात पाच-सहा अभ्यासकांच्या हे जवळजवळ एकाच वेळी आणि स्वतंत्रपणे लक्षात आले. संस्कृत आई नव्हती, बहीण होती. फार जुनी, फार जपून राहिलेली, पण बहीणच. यात संस्कृताचा कमीपणा मला कधीच वाटला नाही. ज्या स्वराची स्वतःला आठवण नाही त्याची खूण तिने व्यंजनात राखली, हे केवढे तरी आहे.

‘चक्र’ या शब्दात तर हे सारे एका ठिकाणी दिसते. ‘क्वेल’ म्हणजे फिरणे, हा धातू. त्याची द्विरुक्ती करून *क्वेक्व्लोस, आपण गरगर म्हणतो तसेच काहीसे. वर लावलेला तारा सांगतो की हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, तो मागे जाऊन बांधलेला आहे. पहिल्या क्व-पुढे ए, म्हणून च. दुसऱ्यापुढे ल, म्हणून क. एकच ध्वनी दोनदा येतो आणि दोन रूपांत उरतो. हाच शब्द ग्रीकमध्ये ‘क्यूक्लोस’, तिथून फिरत इंग्रजीमार्गे आपल्याकडे सायकल. इंग्रजीचे स्वतःचे ‘व्हील’ त्याचेच, इराणी शाखेतला ‘चर्ख’ त्याचाच, आणि त्यावरून आपला चरखा. याच धातूचे संस्कृत ‘चर्’, म्हणून गुरांचे चरणे, आणि आचार, विचारही.

मराठीने पुढे आणखी एक वळण घेतले. ‘चक्र’ म्हणताना आपला च तालव्य असतो, ‘चाक’ म्हणताना तो दातांकडे सरकतो. चिमणी, चेंडू यांत इ-ए पुढे असल्यामुळे च तालव्यच राहिला. अ-आ-उ-ओ पुढे आले की मराठी शब्दांत तो बहुधा पुढे सरकतो. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरच्या ग्रंथात या उच्चारांची चर्चा आहे; वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. म्हणजे ज्या ए-ने च घडवला तो ए निघून गेला, आणि हजारो वर्षांनी आधार गेलेला तो च मराठीत जागेवरून हलला. शाळेत आपण दोन च-चे उच्चार नुसते पाठ करून घेतो. त्यामागचे हे सांगितले तर मुलांना भाषेत किती रस येईल!

चाकाच्या शब्दावरून काळ ठरवण्याचा मोहही मोठा आहे. चाकाचे पुरावे इसवीसनपूर्व ३५०० च्या आसपासचे. म्हणून चाकाचा शब्द असणारी भाषा त्याआधी फार फुटलेली नसणार, हा डेव्हिड अँथनी यांचा युक्तिवाद. रसेल ग्रे आणि क्वेंटिन ॲटकिन्सन यांनी २००३ मध्ये गणिती पद्धतीने ही फूट त्याच्या कितीतरी आधीची काढली. मला अँथनींचे पारडे जड वाटते, पण एक अडचण आहे. याच कुळातल्या हित्ती भाषेत चाकाला ‘हुर्की’ हा वेगळाच शब्द आहे; गाडीच्या दांडीला मात्र आपल्या ‘ईषा’शी जुळणारा ‘हिश्शा’ आहे आणि जुवाला ‘युकन’, म्हणजे आपले जूच. दांडी आणि जू नांगरालाही लागतात, ती चाकाहून जुनी असू शकतात. हित्ती आधी वेगळी झाली आणि चाक नंतर फिरू लागले, असे मानले तर हे कोडे सुटते.

आणि दायमाबाद. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी १९७४ मध्ये ब्राँझची चार शिल्पे मिळाली, त्यात बैलजोडीचा दोनचाकी रथ आणि तो हाकणारा माणूस. ती साधारण इसवीसनपूर्व २००० ची, उत्तर-हडप्पा काळातली मानली जातात. चाके भरीव आहेत, आऱ्यांची नाहीत. ती ओतणाऱ्या कारागिराने चाकाला काहीतरी नाव नक्कीच दिलेले होते, पोराला हाक मारून ‘ते इकडे दे’ म्हणताना ते तोंडात आलेले होते. ते चक्रासारखे होते, उरुळसारखे होते, की तिसऱ्याच कुठल्या भाषेतले? त्या शब्दापुढे लावायला आपल्याकडे ताराही नाही.