ठेवीचा धर्म : घर बदलताना सायकल जपण्याविषयी

मौल्यवान वस्तू जिवापाड जपणे हे आसक्तीचे लक्षण मानावे की कर्तव्याचे, हा प्रश्न तत्त्वचिंतनाच्या अनेक परंपरांनी हाताळला आहे. परंतु त्याची चर्चा बहुधा सोने, जमीन किंवा राज्य अशा मोठ्या उदाहरणांवर होत आल्यामुळे त्यातला एक नाजूक पेच झाकलेलाच राहतो. सोने जपणाऱ्याच्या मनात लोभ असावा असे सहज गृहीत धरले जाते. पण जिचे मोल बाजारभावापेक्षा तिच्या घडणीत आणि तिने केलेल्या सेवेत आहे, अशी वस्तू जपणाऱ्याच्या मनात नेमके काय असते, हे तितक्या सहज सांगता येत नाही. घर बदलताना चांगली सायकल सुखरूप नेण्याची धडपड हे अशा जपणुकीचे उदाहरण असून, संग्रह, भय, श्रम आणि विश्वास हे चारही मुद्दे त्यात एकत्र येत असल्यामुळे ते विचाराला सोयीचे आहे.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात हे उदाहरण आज वारंवार घडते. जुने वाडे आणि जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जाऊ लागल्यापासून अनेक कुटुंबांना थोड्या वर्षांच्या अंतराने दोनदा बिऱ्हाड हलवावे लागते, म्हणजे इमारत पाडताना भाड्याच्या घरात आणि नवी उभी राहिल्यावर परत. आणि अशा वेळी जिन्याखाली वर्षानुवर्षे उभी असलेली आजोबांची रॅले, हंबर किंवा बीएसए सायकल प्रथमच सर्वांच्या नजरेसमोर येते. अशा जुन्या सायकलींचे महत्त्व कर्वेनगर येथील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयासारख्या उपक्रमामुळे अधिक लोकांना कळले आहे. दुसरीकडे, कार्बनच्या फ्रेमची, मोटारसायकलइतक्या किमतीची शर्यतीची सायकल बाळगणाराही त्याच इमारतीत राहत असतो. एकाची सायकल पुन्हा मिळणार नाही म्हणून मोलाची आणि दुसऱ्याची पुन्हा घेणे परवडणार नाही म्हणून मोलाची. परंतु टेम्पो दारात येऊन उभा राहिला की दोघांची काळजी सारखीच असते.

या काळजीकडे योगशास्त्र संशयाने पाहते. पतंजलींच्या योगसूत्रांत सांगितलेल्या पाच यमांपैकी, म्हणजे संयमाच्या पाच मूलभूत नियमांपैकी, अखेरचा नियम अपरिग्रह हा असून, विषयांचा स्वीकार न करणे असा त्याचा अर्थ व्यासभाष्याने दिला आहे. हा स्वीकार का टाळावा याची पाच कारणे भाष्यकार देतात : वस्तू मिळवण्यातील दोष, तिचे रक्षण करण्यातील दोष, ती क्षीण होण्यातील दोष, तिच्याशी जडणाऱ्या संगाचा दोष आणि तिच्यापायी घडणाऱ्या हिंसेचा दोष. या यादीत रक्षणाचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वस्तू वाममार्गाने मिळवली नसली, तिच्यासाठी कोणाला दुखावले नसले, तरी ती सांभाळण्याचा व्याप हाच चित्ताच्या स्वास्थ्याला बाधा आणतो, असा त्याचा आशय आहे. आणि रात्रभर नव्या सोसायटीच्या पार्किंगमधील कुलपाचा विचार करणाऱ्या माणसाला तो पटवून द्यावा लागत नाही.

तथापि, व्यासभाष्याचा हा इशारा संन्यासाच्या दिशेने निघालेल्या साधकाला उद्देशून आहे, आणि गृहस्थाने त्याचा सरळ अर्थ लावला तर विपरीत निष्कर्ष निघतो : जपणे हा दोष असेल तर न जपणे हा गुण ठरेल आणि निष्काळजी मनुष्य विरक्त ठरेल. जैन विचाराने हा गोंधळ वेळीच ओळखला होता. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तू जवळ असण्यावरून केलेली नसून मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूविषयीच्या ममत्वाच्या धुंदीवरून, केलेली आहे. त्यामुळे परिग्रह घरात किती सामान आहे यावर न मोजता मनाच्या अवस्थेवरून ओळखावा लागतो. त्याच परंपरेत साधूने पाळावयाच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध आचरणाच्या पाच प्रकारांपैकी, आदाननिक्षेपण समिती नावाचा एक प्रकार आहे आणि तो केवळ वस्तू उचलण्या-ठेवण्यातील दक्षतेविषयी आहे. ही दक्षता त्या वस्तूसाठी नसते, तर तिच्याखाली चिरडला जाऊ शकणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी असते, हा भेद येथे विसरून चालणार नाही. तरीही ज्याने सर्वस्व सोडले त्यालाच हाताळणीचे नियम सर्वांत काटेकोर असावेत, यावरून एवढे निश्चित होते की विरक्ती आणि बेफिकिरी यांचा एकमेकींशी संबंध नाही.

बौद्ध विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांच्या ग्रंथात, हाच मुद्दा थेट स्थलांतराच्या संदर्भात आलेला आहे. संघाच्या मालकीची खाट, बाक किंवा गादी उघड्यावर मांडून, ती परत न ठेवता, दुसऱ्याकडून ठेवून न घेता किंवा कोणावर न सोपवता जो भिक्षू मुक्काम हलवतो, त्याला दोष लागतो. आणि विहारात अंथरलेल्या बिछान्याविषयी असाच आणखी एक नियम लगेच पुढे येतो. त्याच पिटकात राजा उदयन आणि बुद्धांचा शिष्य आनंद यांचा संवाद आहे, ज्यात भिक्षूंना मिळालेल्या शेकडो वस्त्रांचे काय होणार असे राजा विचारतो आणि आनंद त्याला उत्तर देतो की जीर्ण चीवरांचे पलंगपोस होतात, ते विरले की गादीचे अभ्रे, मग जमिनीवरच्या बैठका, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी, आणि शेवटी त्यांच्या चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपली जाते. ज्या समाजात वैयक्तिक मालकी जवळजवळ नव्हती त्या समाजाने वस्तूच्या आयुष्याचा इतका तपशीलवार विचार केला, याचे कारण उघड आहे : वस्तू आपली नसल्यामुळे ती वाया घालवण्याचा अधिकारही आपला नव्हता.

हा अधिकार कोणाचा, हा प्रश्न धर्मशास्त्राने निक्षेपाच्या प्रकरणात सोडवला आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू किंवा ठेव. आणि मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांमध्ये, म्हणजे दाव्यांच्या विषयांमध्ये, ऋणाच्या पाठोपाठ तिचा क्रम लागतो. ठेव चोरांनी नेली, पाण्यात वाहून गेली किंवा आगीत जळाली, आणि ठेवून घेणाऱ्याने तिच्यातील काही लाटलेले नसले, तर त्याच्याकडून भरपाई घेऊ नये, असे मनुस्मृती सांगते. याज्ञवल्क्यस्मृतीही राजा, दैव आणि चोर यांच्यामुळे झालेल्या हानीला हीच सूट देते. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने तिच्यावर लिहिलेली मिताक्षरा ही टीका महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. या परंपरेतील एका वचनात जबाबदारीची उतरंडही लावलेली आहे : ठेव खाऊन टाकली असेल तर व्याजासह भरपाई, उपेक्षेने गमावली असेल तर तेवढीच भरपाई, आणि अजाणतेपणी नष्ट झाली असेल तर काहीशी कमी. आजचा भारतीय करार अधिनियम, 1872, हा कायदा आपल्या 151व्या कलमात म्हणतो की ठेव सांभाळणाऱ्याने सामान्य सुज्ञ मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे.

या कायदेशीर कसोटीच्या शेजारी एपिक्टीटस या स्टोइक तत्त्वज्ञाचे म्हणणे ठेवले की एक विलक्षण उलट रचना दिसते. गुलामगिरीत जन्मलेल्या या विचारवंताने शिकवले की जे काही आपल्याजवळ आहे ते काही काळापुरते दिलेले आहे, आणि जोवर ते आहे तोवर प्रवासी धर्मशाळेतील वस्तूंची घेतो तशी परक्याची म्हणून त्याची काळजी घ्यावी. कायदा परक्याची वस्तू स्वतःची समजून जपायला सांगतो, तर तत्त्वज्ञान स्वतःची वस्तू परक्याची समजून जपायला सांगते. दोन्ही वाटा दक्षतेपाशीच येऊन मिळतात. फरक एवढाच की पहिल्या वाटेने जाणारा भरपाईच्या भयाने सावध असतो आणि दुसऱ्या वाटेने जाणारा मालकीचा दावा सोडून सावध असतो. प्रपंच नेटका करण्याविषयीचा आग्रह दासबोधाच्या ज्या बाराव्या दशकात आहे, त्या दशकाचे नाव विवेकवैराग्य असावे, हेही या दृष्टीने सुसंगतच आहे.

गांधीजींच्या आत्मकथेत या दोन्ही वाटा प्रत्यक्ष एकत्र आल्या आहेत. गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ आपल्याला इंग्रजी कायद्याच्या अभ्यासातून उलगडला, आणि विश्वस्त ज्याप्रमाणे मोठी संपत्ती हाताळूनही तिच्यातील कणही आपला मानत नाही त्याप्रमाणे मुमुक्षूने वागावे असे आपण समजलो, असे ते सांगतात. मात्र त्याच प्रकरणात, कुटुंबाचा सांभाळ ईश्वर करील या श्रद्धेने, त्यांनी आपली दहा हजार रुपयांची विमा पॉलिसी बंद पडू दिल्याचाही उल्लेख आहे. मग सामानाच्या वाहतुकीचा विमा उतरवणारा गृहस्थ अश्रद्ध मानावा काय? विश्वस्ताची उपमा शेवटपर्यंत नेली तर उत्तर वेगळे येते, कारण स्वतःच्या भवितव्याबाबत विश्वस्त हवा तेवढा निर्धास्त राहू शकतो, पण हाती सोपवलेल्या वस्तूबाबत तशी निर्धास्ती त्याला शोभत नाही. आजोबांची सायकल नातवाची होण्याआधी मुलाच्या हाती असते, आणि तो तिचा मालक असला तरी पुढच्या पिढीच्या दृष्टीने ठेवदारच, म्हणजे ठेव सांभाळणाराच, असतो.

ठेवदाराची दक्षता म्हणजे नेमके काय, हे सायकल बांधण्याच्या कृतीत जवळून पाहता येते. पायडल काढायचे तर डाव्या बाजूच्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणून ते नेहमीच्या उलट दिशेने फिरवावे लागते. हे न जाणता केवळ जोर लावणारा मनुष्य पायडल सोडवण्याऐवजी घट्ट करतो आणि आटे झिजवतो. पुढचे चाक काढल्यावर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये आडवा तुकडा बसवला नाही, तर वरून पडलेल्या ओझ्याने ती टोके वाकतात. गिअरच्या सायकलीचा मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, काढून आत बांधून ठेवावा लागतो, कारण बाहेर राहिल्यास पहिला धक्का त्यालाच बसतो. पोलादी फ्रेमला पोच आला तर तो दिसतो आणि बहुधा दुरुस्तही होतो; कार्बनची फ्रेम आडव्या दाबाला कच्ची असते आणि तिच्यातील तडा रंगाखाली दडून राहतो, म्हणून तिच्या नळीवर दोरी आवळून बांधणे हे तिला सर्वांत घातक. जुन्या सायकलीच्या चामडी सीटला ओल सोसत नाही आणि तिच्या दांडीच्या ब्रेकचे सुटे भाग हरवले तर सहज मिळत नाहीत. या प्रत्येक ठिकाणी भयाचा उपयोग शून्य आहे आणि ज्ञानाचा उपयोग पूर्ण आहे : आसक्त मनुष्य सायकलीभोवती घिरट्या घालतो, जाणता मनुष्य योग्य जागी योग्य तुकडा बसवतो.

म्हणूनच व्यासभाष्यातील पाच दोषांची यादी गृहस्थाने टाकून न देता कसोटी म्हणून वापरणे उचित ठरते, आणि त्या कसोटीवर शेवटचा दोष, म्हणजे हिंसा, सर्वांत कठोर आहे. फ्रेमवर ओरखडा येऊ नये म्हणून हमालाला भर उन्हात एकाच सायकलीसाठी चार मजले पुन्हा चढायला लावणे, किंवा खरचटलेल्या रंगावरून त्याची मजुरी कापणे, हे रक्षणाच्या नावाने केलेले दुखावणे होय. वस्तू जितकी मौल्यवान तितके ती वाहून नेणाऱ्याचे श्रम क्षुल्लक वाटू लागणे हीच मूर्च्छेची खूण आहे. संगाचा दोष वेगळ्या रीतीने प्रकट होतो : नव्या घरी पोहोचलेली सायकल इतकी जपली जाते की तिच्यावर कोणी बसतच नाही, आणि खंडेनवमीला जिला उपकरण म्हणून झेंडूची माळ घालायची ती पूजेपुरतीच उरते. उपकरणाची पूजा त्याने केलेल्या कामाची असते. काम थांबवून केलेले रक्षण ठेवीची वृद्धी करत नाही, तिचे केवळ वय वाढवते.

यानंतर उरतो तो हानीचा प्रश्न. सर्व काळजी घेऊनही टेम्पो कलंडू शकतो, पावसाचे पाणी खोक्यात शिरू शकते, अनोळखी गल्लीत सायकल चोरीला जाऊ शकते. आणि येथे निक्षेपाचा जुना नियम कायद्याच्या कक्षेबाहेरही मार्गदर्शक ठरतो. स्मृतिकारांनी आग, पाणी आणि चोर यांच्याकडून झालेल्या हानीतून ठेवदाराला मुक्त केले, पण उपेक्षा करणाऱ्याला केले नाही. हाच न्याय मालकाने स्वतःला लावला तर शोकाची मर्यादा आपोआप ठरते : ज्याने आडवा तुकडा बसवला, नीट बांधले, जबाबदार माणसाच्या हाती दिले, त्याच्यावर हानीचे ऋण राहत नाही आणि त्याला ती वस्तू मनातून सोडून देण्याचा पूर्ण अधिकार आहे; ज्याने यांपैकी काहीच केले नाही, त्याने नंतर अनासक्तीचा आधार घेणे म्हणजे ठेव बुडवून दैवाकडे बोट दाखवणे होय. रक्षण आणि वैराग्य यांत विरोध मानणारी दृष्टी म्हणूनच अपुरी आहे, कारण गृहस्थाच्या बाबतीत वैराग्य रक्षणाच्या जागी येत नाही, तर रक्षणाचे काम पुरे झाल्यावर त्याच्या पुढे सुरू होते.