सांपडलेलें आणि सिद्ध केलेलें

आमचा बारा वर्षांचा पुतण्या सुटीच्या दिवसांत संगणकावर जे अद्भुत खेळ खेळत असतो, त्यांत रसायनांच्या कुप्यांचें प्रस्थ फार आहे. राक्षसाच्या गुहेंतील पेटींत तांबडी कुपी सांपडते, ती प्राशन केली कीं जखमा भरून येतात. किंवा रानांतून पाला, मुळ्या व भूछत्रें वेंचून आणून तसलीच कुपी स्वतः सिद्ध करतां येते. गुण दोहोंचा एकच. तथापि आम्हीं असें पाहिलें कीं, सांपडलेल्या कुप्या तो घटाघट पिऊन टाकतो आणि स्वतः केलेल्या मात्र इतक्या जपतो कीं, पुष्कळदां खेळ संपला तरी त्या तशाच शिल्लक असतात. कारण विचारतां म्हणाला, "काका, त्या फुकटच्या, या माझ्या."

हें उत्तर ऐकून प्रथम आम्हांस समाधान वाटलें. श्रमानें मिळविलेल्या वस्तूची चाड असावी, हेंच आपणां सर्वांस लहानपणापासून शिकविण्यांत आलें आहे. परंतु थोडा विचार करतां उत्तरांतील दोन जागा दुबळ्या दिसूं लागल्या. पहिली ही कीं, सांपडणें म्हणजे कांहीं श्रमावांचून मिळणें नव्हे. 1980 सालीं निघालेल्या 'रोग' नामक खेळांत (हा शब्द इंग्रजी असून त्याचा अर्थ लुच्चा असा आहे, आमच्या व्याधींशीं त्याचा संबंध नाहीं) कुप्या केवळ रंगानें ओळखावयाच्या असत. कोणती जखम भरते आणि कोणती आंधळें करते, हें बहुधा प्यायल्यावरच कळे; आणि नव्या डावांत रंग पुनः बदललेले! 2011 सालच्या 'स्कायरिम' या खेळांतहि वनस्पति चाखून पाहावी तेव्हां तिचा एक गुण कळतो. म्हणजे शोधणाराहि जीव धोक्यांत घालतोच. दुसरी जागा अधिक दुबळी. केलेली कुपी माझी, हें खरें. पण पाला कोणाचा? खेळांत तो आपोआप पुनः उगवतो आणि तें रान कोणाचेंच नसतें.

हा दुसरा प्रश्न आम्हांस घरीं बसून सुचला नाहीं. गेल्या सुटींत त्या मुलास घेऊन आम्ही अकोले तालुक्यांतील रतनवाडीस गेलों होतों. तेथें अमृतेश्वराचें प्राचीन देऊळ आहे आणि माथ्यावरच्या रतनगडावर प्रवरा उगम पावते. आतां ज्यास अहिल्यानगर म्हणतात, त्या आमच्या नगर जिल्ह्याच्या भूगोलावर अमृताची कथा जणूं कोरून ठेवलेली आहे, ती आम्हीं त्यास सांगितली. देव आणि दानव यांनीं क्षीरसागरांत सर्व ओषधी टाकल्या, मंदराची रवी व वासुकीची दोरी करून अमृत काढलें. विष्णूनें मोहिनीरूपानें त्याची वांटणी केली ती नेवाशास. तेथील मोहिनीराजाचें देऊळ साक्षीस दाखवितात. देवांच्या पंक्तींत चोरून बसलेल्या राहूनें घोट घेतला आणि त्याची मान उडाली. शिर पडलें ती राहुरी, काया पडली तें कायगांव. आणि कंठांतील अमृत सांडलें तें रतनगडावर, म्हणून प्रवरा ही अमृतवाहिनी.

मुलानें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण काका, दोरी राहूनेंहि ओढली होती ना?"

आम्हांस चटकन् बोलतां येईना. ओढली होती, इतकेंच नव्हे, वासुकीच्या मुखाकडील बाजू दानवांकडे होती आणि त्याचे विषारी फूत्कार त्यांनींच सोसले. मुलाच्या न्यायानें पाहतां कुपी राहूचीहि होती. देवांचा पक्ष आम्ही हलका लेखीत नाहीं. दुर्वासाच्या शापानें ते क्षीण झाले होते, आणि औषध हें गरज पाहून द्यावयाचें असतें. लांकडें कोणीं फोडलीं हें पाहून वैद्य काढा वांटीत नाहीं. पण मग साह्यास बोलावतांना वांट्याची आशा कां लाविली? अमृत नाकारण्यांत कदाचित् अन्याय नसेलहि. दोरी ओढून घेण्यापुरतें पंक्तीचें आमंत्रण देण्यांत तो खास आहे.

देवळाहून परततांना एका अंगणांत हिरडा वाळत घातलेला दिसला. या डोंगरांतील महादेव कोळी व ठाकर लोक तो रानांतून वेंचून आणतात, वाळवितात आणि व्यापाऱ्यास विकतात. चरकसंहितेच्या आरंभींच म्हटलें आहे कीं, ओषधींचें नांव आणि रूप गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात. मात्र त्यांचा योग जाणणें हें निराळें ज्ञान होय. नगर शहरांत 1917 सालीं ज्यांनीं आयुर्वेद महाविद्यालय स्थापिलें आणि 'औषधिगुणधर्मशास्त्र' लिहिलें, त्या गंगाधरशास्त्री गुण्यांचें कार्य या दुसऱ्या ज्ञानाचें. त्याची थोरवी आम्ही मानतोंच. पण चरकानें गुराख्याचें नांव निदान घेतलें तरी! आमच्या घरीं त्रिफळा चूर्णाची बाटली कैक वर्षें आहे. तिजवर कारखान्याचें नांव आहे, घटकांचें प्रमाण आहे, किंमत आहे. हिरडा कोणत्या डोंगरांतून आला याचा मागमूस नाहीं. ती आम्हीं पैसे मोजून घेतली, तेव्हां ती आमची, यापलीकडे आम्हीहि कधीं गेलों नव्हतों. पुतण्यास शहाणपण शिकविणारे आम्ही त्याच्याहून फारसे पुढें नव्हतों, हें त्या अंगणांत उभें असतां ध्यानांत आलें.

अंगणांतील आजीबाईंनीं मुलाच्या हातावर एक हिरडा ठेवला. त्यानें तो चावला आणि तोंड वांकडें केलें, त्या हंसल्या. "कुठनं आणता हा?" असें त्यानें विचारतांच त्यांनीं कड्याखालच्या रानाकडे बोट केलें. पहांटे अंधारांत निघावें लागतें, म्हणाल्या.

घरीं आल्यावर खेळ पुनः सुरू झाला. गुहेंतील पेटींत एक कुपी सांपडली. ती मुलानें लागलीच प्यायली नाहीं. "ही इथें कोणीं ठेवली असेल हो काका?" असें विचारून तो क्षणभर थांबला. आम्हांस सांगतां येईना, तेव्हां ती झोळींत टाकून तो पुढें निघाला.